बर्फावरच्या पेशी

३ मार्च, सोमवार
आजपासून नवा मी. पीएचडीचं सहावं वर्ष, पण शेवटचं. औषधाचे कण पेशी खरंच गिळतात, एवढंच दाखवायचंय. मशीन एकेका पेशीचा फोटो काढतं. चमकणारा कण आत दिसला की पास. पंधरा दिवसांत थिसिस हातावेगळा. रोज सहाला उठणार.

५ मार्च
सव्वानऊ. अलार्म वाजला नाही. वाजला असेल, पण हळू.

७ मार्च, दु. २
मशीनवाल्या बाई म्हणाल्या, एक ट्यूब बर्फावर ठेवा. थंडीत पेशी काही गिळत नाहीत. तरी तिथे कण आत दिसले, तर ते नुसते बाहेर चिकटलेत असं समजायचं. मला शिकवतात! सहा वर्षं इथे काय गवत उपटतोय मी? शिवाय बर्फ तळमजल्यावर, आणि लिफ्ट बंद. बघू नंतर.

८ मार्च
ब्याण्णव टक्के!! पेशींनी ताव मारलाय नुसता. गाईड सर फक्त हं म्हणाले. जळतात.
बायकोला लगेच फोन. दोन वर्षं ती तिकडे, मी इकडे. विचारत होती, नक्की ना? नोकरी एकदा सोडली की परत घेणार नाहीत. म्हटलं, डोळे झाकून सोड आणि ये.

११ मार्च
सरांनी विचारलं, बर्फावरचा कंट्रोल, तुलनेची ती ट्यूब, कुठंय? म्हटलं, चालू आहे. (डोक्यात.) शुक्रवारपर्यंत दाखव, नाहीतर मुदतवाढ विसर, म्हणाले. फोटो पुन्हा पाहिले. बरेच कण कडेला वाटतात. फोटोचा अँगल असणार. झोप येत नाहीये. चहा जास्त झाला.

१२ मार्च
बायकोला दोन दिवस थांब म्हणणार होतो. पण उगाच काळजी करत बसली असती. तिच्यासाठीच गप्प बसलो.

१४ मार्च, स. ११
बर्फ आणला. लिफ्ट चालू होती. बाई म्हणाल्या, ती कधी बंद होती?

दु. ४
बर्फावरच्या पेशी : एक्क्याण्णव टक्के.
म्हणजे आत काही गेलंच नव्हतं. सगळं बाहेर चिकटलेलं. बाईंनी खुर्ची पुढे केली. सर म्हणाले, मुदतवाढ नाही. भीती वाटतेय, खरंच.

संध्या. ६
बायकोचा फोन. राजीनामा आज मंजूर झाला. किती दिवसांनी एवढी हसली! विचारलं, रविवारी सकाळी स्टेशनवर वेळेत येशील ना? म्हटलं, सहाला उठतो.
बाकीचं घरी आल्यावर सांगेन. सामान जड असेल तिचं.