अपाच्या देखतचा विलाप

अत-बाशी
१० मार्च २००३

चि. शाईबोटी हिस वहिनीचे अ. उ. आ.

इकडे सर्व क्षेम म्हणावं तर खोटं होईल, म्हणून तेवढं सोडून बाकीचं लिहिते. आईंचं, आपल्या अपांचं, पोटातलं दुखणं वाढलं आहे. नारीनच्या डॉक्टरांनी तुझ्या दादांना बाजूला घेऊन काय सांगितलं, ते अपांनी दादांच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. यंदा उन्हाळी कुरणावर मी येणार नाही, असं त्यांनी स्वतःच जाहीर करून टाकलं.

आता मुख्य काम. साऱ्या खोऱ्यातल्या मयतांना विलाप गायलेली ही बाई, आणि स्वतःच्या वेळी कोण काय गाईल याची तिलाच धास्ती. मी गायले तर मेंढ्या डोंगर सोडून पळतील म्हणतात. तेव्हा त्यांचा विलाप तू रचायचा आणि मयताच्या तंबूत तूच गायचा, असा हुकूम आहे. शिवाय तो आधी लिहून पाठवायचा, मी त्यांना वाचून दाखवायचा. मेल्यावर ऐकायला मी थोडीच बसणार आहे, म्हणाल्या.

दादा म्हणाले, जी येशूची झाली तिला मुसलमानाच्या तंबूत जागा नाही, मौलवी काय म्हणतील. अपा म्हणाल्या, मयत माझं आहे, तुझं नाही. त्यावर ते घोड्याला पाणी दाखवायला निघून गेले. घोडा नुकताच पाणी पिऊन आला होता.

सहा वर्षांत दादांनी तुझं नाव घेतलेलं नाही. मीही घेत नाही, पण सुनेनं सासरच्यांची नावं घ्यायची नसतात, म्हणून. दहा वर्षांची होतीस, बोटं सदा निळी. तेव्हा जे नाव ठेवलं तेच अजून चालवते आहे.

पत्र मिनीबसच्या ड्रायव्हरबरोबर देते. उत्तर त्याच्याकडेच दे, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी वहिनी,
बुरुल


बिश्केक
१७ मार्च

ती. वहिनींस कुंदुझचा सा. सलाम, वि. वि.

पत्र वाचून दोन दिवस हातून काहीच झालं नाही. लहानपणच आठवत राहिलं. अपाच्या मागे घोड्यावर बसून मी मयतांना जायची, खिशात कणकेचे तळलेले बोरसोक कोंबून. बायका दाराकडे पाठ करून तंबूत बसायच्या. अपा गायला लागली की मी कधी न पाहिलेला माणूस हळूहळू दिसू लागायचा: त्याची वाकडी टोपी, त्याचं खोटं खोकणं, बायकोला हाक मारायची त्याची पद्धत. ऐकता ऐकता मी तिच्या मांडीवर झोपून जायची. लिहायला कुठे शिकलात असं लोक विचारतात तेव्हा मी कॉलेजचं नाव सांगते. तंबूचं सांगायला हवं.

आमच्या चर्चच्या मंडळीतले एक वडीलधारे म्हणाले, असे विलाप ज्यांना आशा नाही त्यांनी करावेत. मी त्यांना म्हटलं, मित्राच्या थडग्यापाशी प्रभूही रडला होता. उत्तर बरं होतं. पण घरी आल्यावर मनात आलं, हे मी श्रद्धेपोटी बोलले, की मला लिहायचंच होतं म्हणून? खरं सांगते वहिनी, अपाच्या दुखण्याचं कळल्यापासून जीव थाऱ्यावर नाही, आणि त्यातच हे काम माझ्या वाट्याला आलं म्हणून मनाचा एक कोपरा खूशही आहे. प्रार्थनेत त्याला नाव देता येईना, म्हणून आहे तसाच देवापुढे ठेवला.

सोबत पहिला मसुदा आहे. दादांना सलाम सांगा, किंवा नका सांगू, जसं बरं दिसेल तसं. मला विसरू नये.

आपली,
कुंदुझ


अत-बाशी
२६ मार्च

चि. शाईबोटी हिस अ. उ. आ.

मसुदा वाचला. हंसासारखी मान, चंद्रासारखं कपाळ, इथवर आले आणि अपांनी थांबवून विचारलं, ही कुणाची आई? माझ्या मानेवरचं गळू साऱ्या गावानं पाहिलेलं आहे. पुस्तकं लिहिते आणि आईला ओळखत नाही, म्हणाल्या. पळीनं मारायचे ते घाल म्हणावं, धाकट्या दिराशी तीन वर्षं बोलले नाही ते घाल. ‘चूल विझली तरी ऊब तुझी’ ही एक ओळ मात्र पुन्हा म्हणायला लावली.

शेवटी विचारलं, हिच्या देवाचा एक शब्द कसा नाही? भावाला भ्यायली काय? मी म्हटलं, असेल. तर म्हणाल्या, देव खुशाल घाल, पण तो माझ्या अंगानं यायला हवा. विलाप मेलेल्याचा असतो, गाणारीचा नव्हे.

आता त्या फार खात नाहीत. साईचा चमचा चाटतात आणि मला शिव्या देतात, त्यावरून बरं आहे असं समजते.

तुझीच,
वहिनी


बिश्केक
३ एप्रिल

ती. वहिनींस सा. सलाम, वि. वि.

पळी घातली, गळू घातलं, दीरही घातला. आणि एक कडवं नवं आहे. त्यातली गोष्ट तुम्हालाही ठाऊक नाही, म्हणून आधी सांगते.

सहा वर्षांपूर्वी मे महिन्यात नदीवर माझा बाप्तिस्मा झाला, तेव्हा नारीनहून आलेली चार माणसं आणि मी, एवढेच आहोत असं मला वाटत होतं. पाण्यातून डोकं वर काढलं तर समोर अपा. ती त्या दिवशी सरपणाला गेली होती असं तुम्ही समजता. तिनं आपली शाल मला गुंडाळली. एक शब्द बोलली नाही. संध्याकाळी दादांनी मला घर सोडायला सांगितलं, तेव्हाही ती गप्पच राहिली. मी पुढे कधी विचारलं नाही, तिनंही विषय काढला नाही.

वितळल्या बर्फाच्या काठी
शाल घेऊन उभी तू,
गाव पाठ फिरवून गेलं,
लेकीकडे तोंड तुझं.

दादा घरी नसताना वाचा. ती म्हणाली काढ, तर काढून टाका, मला कारणही कळवू नका. हे लिहिताना मी तिचं कौतुक करत होते, की दादांना चारचौघांत जाब विचारत होते? दोन्ही असावं. म्हणून निर्णय तिच्यावर सोडते.

आपल्या मायेची,
कुंदुझ


अत-बाशी
११ एप्रिल

चि. शाईबोटी हिस अ. उ. आ.

वाचलं. अपा भिंतीकडे तोंड करून पडल्या. मग म्हणाल्या, पुन्हा वाच. मग पुन्हा. आता मला ते पाठच झालं आहे. नंतर म्हणाल्या, राहू दे. पोरगा ओरडेल, पण तेव्हा ऐकायला मी नसेन. आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, म्हणाल्या की तेव्हा एक शब्द बोलले असते तर पोरगी घरात राहिली असती. जिवंतपणी धीर झाला नाही.

मला राग आला आहे हे लिहून ठेवते. तीस वर्षं एका चुलीपाशी बसलो आणि मला सरपणाच्या थापा.

घाट मोकळा झाला आहे. तू आता निघ. बाकी समक्ष.

वहिनी


बिश्केक
१९ मे

ती. वहिनींस सा. सलाम, वि. वि.

सुखरूप पोचले. अपाचं अंथरूण डोळ्यांसमोरून हलत नाही. शेवटचे दिवस तिच्यापाशी मिळाले, हे तिच्या हट्टामुळे आणि तुमच्यामुळे.

तंबूत मी गाता गाता का थांबले, ते तुम्ही विचारलं नाहीत. पळीच्या ओळीला बायका रडता रडता हसल्या, तिथवर आवाज नीट होता. बाहेर पुरुषांत दादा काठीवर रेलून आईच्या नावानं हंबरत होते. नदीचं कडवं तोंडाशी आलं आणि वाटलं, आई गेली त्याच दिवशी मी या माणसाकडून आणखी काय काढून घेते आहे? मी पुढची ओळ धरली नाही. आणि शेजारून तुमचा आवाज आला. चाल चुकत होती, पण शब्द एकही चुकला नाही. पाठोपाठ बाहेरचा दादांचा आवाज थांबला. तो थांबला तो थांबलाच.

दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा ते चहाच्या सामोवारपाशी पाठमोरे उभे होते. माझ्या मागे ते काय म्हणाले, ते खरं खरं कळवा. मऊ करून सांगू नका. गाणं तुम्ही पुरं केलंत, त्याचा त्रास तुम्हाला होऊ नये, एवढीच देवाजवळ मागणी आहे.

आपली,
कुंदुझ


अत-बाशी
२ जून

चि. शाईबोटी हिस अ. उ. आ.

काहीच म्हणाले नाहीत. मौलवींनी त्या कडव्याबद्दल विचारलं, तर म्हणाले, चहा निवतो आहे. मला वाटलं, झालं, आता आणखी सहा वर्षं.

काल मेंढ्या कातरताना, खाली मान घालून, एकदम विचारलं, नदीवर आई नेमकी कुठे उभी होती? मी म्हटलं, मला काय ठाऊक, मला सरपण सांगितलं होतं. तर म्हणाले, मग तिला विचार. मी कातर खाली ठेवली आणि म्हटलं, तुम्हा दोघांचे निरोप वाहून माझे केस पिकले, आता मी विचारणार नाही.

तेव्हा तूच त्यांना लिही. पाकिटावर त्यांचं नाव घाल. तुला ते घेता येतं, मला नाही.

वहिनी


बिश्केक
९ जून

ती. तोक्तोसुनदादा यांस कुंदुझचा सा. सलाम, वि. वि.

जुन्या पुलाच्या खालच्या अंगाला, वाळुंजाच्या झाडांपाशी, आपल्या बाजूनं.

विलापात अपा काठी उभी होती असं मी म्हटलं, कारण चालीत तेवढंच बसलं. ते पुरतं खरं नाही. पाणी इतकं गार होतं की माझे पाय बधिरले आणि मला बाहेर येता येईना. बाकीचे डोळे मिटून प्रार्थना करत होते, त्यांना दिसलं नाही. अपा बुटांसकट गुडघाभर पाण्यात उतरली आणि दंडाला धरून तिनं मला ओढून काढलं.

यात मी दुसरं काही वाचत नाही. ती नमाज पढणारी बाई होती आणि तशीच गेली. वेगळं काही मी कधी लिहिणार नाही, कुणाला लिहू देणार नाही. तिच्या पोरीला थंडी वाजत होती.

त्या संध्याकाळी ओढ्यात पाय घसरला असं तिनं तुम्हाला सांगितलं. तुम्ही तिला रागावलात, आणि मग रात्री तिचे बूट लोकर कोंबून चुलीपाशी सुकायला ठेवलेत. मी तेव्हा सामान बांधत होते. दारातून पाहिलं.

उत्तराची घाई नाही. लोभ मागायचा माझा हक्क उरला आहे की नाही ते ठाऊक नाही, तरी मागते.

आपली धाकटी बहीण,
कुंदुझ