वाफेचा आकडा थांबत नाही

७ नोव्हेंबर १९९४
पुन्हा नाही थांबला! शंभर फेऱ्या, दोनशे फेऱ्या — आकडा इकडून तिकडे उड्या मारतोय. बॉयलरचं प्रेशर आणि तापमान दिलं की प्रोग्रॅमनं वाफेची घनता सांगायची, मग कोळसा कुठे वाया जातो ते कळणार. आधी अंदाज धरायचा, चूक बघायची, अंदाज सुधारायचा, शेवटी एका आकड्यावर बसायचं. बसत नाही मेला!

नूर मोहम्मद चाचांच्या सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, कॉम्प्युटर आणा म्हणून सहा महिने मीच हट्ट केला. आता ते दारात उभे राहून विचारतात, "टीव्ही लागला का?" शनिवारपर्यंत मुदत. नाहीतर कॉम्प्युटर परत आणि मी टेमघरला घरी, भाकऱ्या थापायला. बीएस्सीचा पहिला वर्ग काय चाटायचाय?

९ नोव्हेंबर
पुस्तकातली तिन्ही उदाहरणं घातली. चार-पाच फेऱ्यांत तिन्ही बरोबर! म्हणजे प्रोग्रॅम ठीक. मग आपल्याच बॉयलरचे आकडे का अडतात?

संध्याकाळी बॉयलरची वही नीट पाहिली. नोंद दर तासाची, पण अख्खी शिफ्ट एका दमात लिहिलेली. तीच शाई, कुठे डाग नाही, ओळ वाकडी नाही. डोकं सणकलं. हे लोक मनानं आकडे ठोकणार आणि बोलणी मी खायची!

१० नोव्हेंबर
देवरामला विचारलं. अकरा वर्षं बॉयलरवर आहे, राहनाळहून चालत येतो. म्हणाला, "ताई, हाताला कोलसा आसतो. तवा भितीवर खडूनं लिवतो. शिफ्ट सुटली का हात धुतो नि वहीत उतरवतो. मंग भित पुसतो."

पुसतो! सोयीचं आहे. मी म्हटलं, पुरावा काय? त्यानं फावडं उचललं नि भट्टीत कोळसा टाकायला लागला. त्याचाच जास्त राग आला.

११ नोव्हेंबर
शुक्रवार. वीज नाही. बरं झालं.

१२ नोव्हेंबर
चाचा आले. "सरळ सांग अतिया, मशीन गलत आहे का आदमी?"

मी म्हटलं, "आदमी."

दुपारी देवरामला काढलं. डबा उचलला, मला म्हणाला, "येतो ताई." चिडला नाही. चिडला असता तर बरं वाटलं असतं. मला मात्र आणखी एक आठवडा मिळाला.

१७ नोव्हेंबर
नवा माणूस, महादू. त्याच्या शेजारी उभी राहून आज आकडे मी स्वतः उतरवले, धगीनं तोंड भाजेपर्यंत. प्रेशर सात किलो, तापमान एकशे सत्तर. देवरामच्या वहीतही तेच.

प्रोग्रॅम अडला.

१९ नोव्हेंबर
पुस्तकातली उदाहरणं सगळी दहा किलोच्या वरची. खालच्या प्रेशरचे गुणांक वेगळे, ते मीच टाईप केलेत. एका जागी ३ हवा, मी ८ मारलाय. दुरुस्त केला. देवरामचे महिनाभराचे आकडे घातले — एकही अडला नाही.

चाचांनी मिठाई मागवली. "काय झालं होतं गं?" "छोटीशी चूक होती." कोणाची, ते त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.