धाकूशिवायची मोजणी

२० सप्टेंबर, रविवार, सकाळी ८
आजपासून गच्चीवर मोजणी सुरू. थंडीसाठी दक्षिणेला निघालेले ससाणे, गरुड, सगळे आमच्या मुलुंडच्या डोंगरावरून जातात. अकरा वर्षं मी आणि दुसऱ्या मजल्यावरचा धाकू मिळून मोजायचो. मे महिन्यात धाकू गेला. काम थांबणार नाही. तसंही पक्षी ओळखायचो मीच, तो नुसती दुर्बीण धरायचा.
संकल्प: रोज दोन तास. एकही खाडा नाही.

त्याच दिवशी, ११.००
गरुड ३. झकास.

२२ सप्टेंबर
आमच्या पक्षीमित्रांच्या गटाचे आकडे नमिता ठेवते. तिने फोटो मागितले, पाठवले. म्हणाली, काका, तिन्ही घारी आहेत, शेपटीला खाच दिसतेय. उजेड खराब होता.

२५ सप्टेंबर
टाकीमागे कोणीतरी खोकलं. अगदी धाकूसारखं. पंपाचा आवाज असणार. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. उद्यापासून टाकीकडे तोंड करून बसेन.

२८ सप्टेंबर
टाकीकडे तोंड केलं की डोंगर पाठीमागे जातो. पुन्हा फिरलो. 'गरुड' लिहिणार, तेवढ्यात कानाशी स्पष्ट: "घार आसा ती, मेल्या." खोडलं. तासाभरात नऊ नोंदी खोडल्या.
संकल्प: कानात कापूस.

१ ऑक्टोबर
गेल्या ऑक्टोबरात एका थव्यात त्याने एकेचाळीस मोजले, मी अडतीस. त्याला न विचारता मी गटाला अडतीस कळवले. मग जिन्यात समोर आलो तरी बोललो नाही, सात महिने. तो आजारी आहे हे कळलं होतं. जाणारच होतो. मोजणीतली चूक मला खपत नाही, एवढंच.

३ ऑक्टोबर
खाडा. गुडघा दुखला असता.

५ ऑक्टोबर
धाकूची बायको, नीलावहिनी, कपडे वाळत घालायला वर आल्या. विचारलं, भावजी, रोज कोणाशी बोलता? म्हटलं, फोनवर. त्या म्हणाल्या, फोन तर तुम्ही जिन्यात विसरलात, मघापासून वाजतोय. मग कपडे झटकत म्हणाल्या, आजारपणात हे तुमच्याबद्दल रोज विचारायचे, "चंद्या इलो काय?"
मी म्हटलं, ढग आलेत, आज बंद करतो. ढग नव्हते.

९ ऑक्टोबर, ११.१०
आले! डोंगरावरून, गोल गोल फिरत वर चढताहेत. खाच नाही. घारी नव्हेत, शंभर टक्के. सत्तावीसपर्यंत मोजले. कोणते, ते कळेना. कापूस काढला. थांबलो. कानाशी काहीच नाही. टाकीमागे जाऊन पाहिलं. "हे काय रे, धाकू?" मोठ्याने विचारलं. वळलो तर आभाळ रिकामं.

१२.३०
नमिताचा मेसेज: काका, आजचा आकडा? फोन खिशात टाकला. दुसऱ्या मजल्यावर गेलो, बेल वाजवली. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. नीलावहिनींनी दार उघडलं, काय झालं विचारलं. म्हटलं, मला पक्षी ओळखता येत नाहीत.
त्या म्हणाल्या, ते आम्हाला दोघांनाही माहीत होतं. आत या.