ट्रेलर विकायचा नाही

२४ नोव्हेंबर १९९१
मंडपाचं सामान घेऊन परत येताना उतारावर ट्रेलरने शेपटी मारायला सुरुवात केली. आधी जराशी, मग पिकअपसुद्धा हलायला लागली. दामूने करकचून ब्रेक दाबला, तसा ट्रेलर आडवाच झाला. एक चाक भाताच्या खाचरात. माणसं ठीक. खुर्च्या मोडल्या. दामू कडेला बसला तो उठेचना. हातगाडी ढकलायच्या दिवसांपासून बरोबर आहे, असा चेहरा कधी पाहिला नव्हता.
"शेठ, मी नाय वढनार याला. पोरं हायत मला."

२५ नोव्हें.
दामू आला नाही. ही म्हणते, विकून टाका. शेजारचे साने, अंबरनाथला कारखान्यात ऑफिसर: "तुमच्या पिकअपला हा झेपायचा नाही. छोटा घ्या." म्हटलं, साहेब, हातगाडीवरून शामियाना नेला तेव्हाही असंच सांगणारे भेटले होते. चहा संपवून निघाले.
१ तारखेला बारवीकडच्या पाड्यावर मंडप घालायचाय. ह्याच ट्रेलरने जाणार. आणि दामूशिवाय... बघू.

२७ नोव्हें.
उल्हासनगर. ट्रेलर बनवणारे हरेशभाई. गेल्या गेल्या मीच सुनावलं, तुमचा ॲक्सल वाकडा आहे. त्यांनी दोरी लावून दाखवला. सरळ.
"साईं, ट्रेलर नहीं नाचता, तेरा माल नाचता है. भारी माल किधर भरता है?"
तणतणत निघालो. मोकळा ट्रेलर मात्र येताना एकदम शहाण्यासारखा आला.

२८ नोव्हें.
नेहमीसारखा भरला. गाद्या-कापड पुढे, पाइप नि जनरेटर शेवटी. नियम माझाच. डिझेलचा थेंब गादीवर नको, आणि पोचल्यावर जनरेटर आधी उतरवायला लागतो. मेहुण्याला चालवायला लावलं, मी पिकअपमध्ये मागे, ट्रेलर अडकवायच्या आकड्याजवळ कान देऊन. हळू असताना खट्. वेग घेतला की खट्-खट्-खट्. ट्रेलरचा दांडा आकड्यावर उड्या मारतोय! शेपटीच्या वजनाने ट्रेलर पिकअपचं बूड वर उचलतोय.
म्हणजे दोष ट्रेलरचा नाही, दामूचा तर नाहीच. गेल्या सीझनला तो बोलला होता, "जड पुढं घेऊ का?" मीच ओरडलो होतो.

२९ नोव्हें.
जनरेटर पार पुढे घेतला, पाइपही. खट्खट बंद, पण पिकअप मागे बसली, स्टिअरिंग हलकं, धड वळेना. वीतभर मागे. पुन्हा वीतभर. शेवटी चाकांच्या जरा पुढे ठेवला, साखळीने आवळला. ट्रेलरच्या टायरात हवा कमी होती, भरली. गाद्या ताडपत्रीत, सगळ्यात मागे.
ही: "वास येईल हो गाद्यांना."
"आला तर मी धुवीन."
"तुम्ही?" हसतच सुटली.

३० नोव्हें.
बदलापूर गावात दामूच्या ओटीवर. चूक माझी, सरळ सांगितलं.
"आता कळली व्हय?"
चालवायला तयार नाही. बाजूला बसून येईन म्हणाला. "मरायचाच तर फुडं बसून बघतो तरी."

१ डिसेंबर
मीच चालवला. पाड्याच्या अलीकडे उतारावर एक ट्रक अगदी खेटून पुढे गेला. त्याच्या वाऱ्याने ट्रेलर हलला. दामूचा पाय फळीवर दाणकन आपटला, तिथे ब्रेक असल्यासारखा. मी ब्रेकला शिवलो नाही. ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरलं. दोन हेलकावे, मग सरळ मागोमाग.
दामूने वाकून स्पीडचा काटा बघितला. मग, "चाळीसवर व्हता तुम्ही. उतार हाय, तीस बास."
"मग तू चालव ना."
"आधी मंडप तर लागू दे."
मंडप लागला. पाइप उतरवताना पोरांवर खेकसत होता, "जड कुठं ठेवलंय बघून घ्या रे." परवा सामान परत आणायचंय. भरायला येतो म्हणाला. चालवायचं बोलला नाही. मीही विचारलं नाही.