चाळिसावा ट्रे

मी लामदुअन केवमनी, वय ७८, अंडी-नारळाची भाजकी वडी करून विकणारी, राहणार फेचबुरी, नदीकाठची गल्ली, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करते. डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. आधीचे मृत्युपत्र, ज्यात सगळेच मुलाच्या नावे होते, ते रद्द समजावे.

१. दुकानाचा धंदा, घराचा वरचा मजला, भट्टी, पितळी कढया आणि वडीचे एकोणचाळीस ट्रे मुलगा विरात याला. वडीत ताडगूळ किती घालायचा हे त्याला कळते. बायकोपुढे तोंड कधी उघडायचे, हे कळले नाही.

२. चाळिसावा ट्रे माझी मांजर थोंगयिब हिचा. ती सोळा वर्षांची आहे. गेल्या वर्षी ती तिच्या वाळूच्या पेटीबाहेर मुतू लागली. सून ओरासा हिने झाकणाची उंच पेटी आणली, सुवासिक खडे भरले आणि वर न्हाणीघराशेजारी ठेवली. खालचे न्हाणीघर तिने आधीच पाडले होते. तिथे दुकानाचा फ्रीज आहे. वर जायला चौदा पायऱ्या. मांजर जिन्याखालीच बसे.

"मुद्दाम करते ती, आई. तुमच्यासारखीच हट्टी," ओरासा म्हणाली.

पशुवैद्य सुरापोन यांनी तिचे मागचे पाय दाबून पाहिले. "आजी, सांधे धरलेत हिचे. भिंत चढून मुतायला कोण जाईल?"

मी एक जुना ट्रे घेतला. काठ दोन बोटे उंच. लाल रंगाची खूण केली, नदीची साधी वाळू भरली, भट्टीमागे ठेवला. त्याच दुपारी ती आत गेली. आठ महिने बाहेर एक थेंब नाही.

३. मग तो ओरासाच्या नजरेस पडला. "अहो, गिऱ्हाइकांना कळलं तर? वडीच्या ट्रेमध्ये मांजर हगतंय!" लाल खूण दाखवली, धुण्याची वेगळी जागा दाखवली, ऐकतो कोण. ट्रे माळ्यावर गेला, उंच पेटी परत आली. पंधरा दिवसांनी माझ्या चटईवर ओल सापडली. विरातने मांजराला माशांच्या टोपलीत घातले आणि नदीपलीकडच्या विहारात सोडून आला. आमच्याकडे नकोशी मांजरे तिथेच सोडतात, आणि त्याच फेरीत भिक्खूंना जेवण देऊन पुण्यही पदरात पाडून घेतात. विरातने भात आणि माशाची आमटी नेली होती.

४. शेजारीण बुनरुआन हिने मला हाताला धरून विहारात नेले. चाळीसएक मांजरे होती. आमची दहनभट्टीच्या सावलीत पडली होती.

"ताई, हीच का आपली? नुसती हाडं राहिलीत की."

हाक मारली. उठली नाही, शेपटीचे टोक तेवढे हलवले. पदरात घालून आणली.

म्हणून घराचा तळमजला थोंगयिब जिवंत असेतोवर बुनरुआनकडे राहील; विरातने दुकान तिथेच चालवावे. मांजराच्या नावे काही ठेवता येत नाही, असे वकील म्हणाले. ट्रे भट्टीमागे, पूर्वीच्याच जागी राहील. वाळू रोज बदलावी, सुवासिक खडे घालू नयेत. मांजर गेल्यावर तळमजला विरातचा. पण सुरापोन दर महिन्याला येऊन तिला तपासतील, आणि वयाखेरीज दुसऱ्या कशाने ती गेली असे त्यांनी लिहून दिले, तर तळमजला विहाराला जाईल. घाई करू नये.

५. झाकणाची उंच पेटी ओरासाला. जवळजवळ नवी आहे. पुढे-मागे तिचेही गुडघे दुखतील, तेव्हा चढून पाहावी.

६. चटईवरची ओल मांजराची नव्हती. माझी होती. त्या चौदा पायऱ्या मलाही चढवत नव्हत्या. विरातने विचारले, "आई, हे मांजरानंच केलं ना?" मी हो म्हणून मान हलवली. पुढची टोपली माझी असेल, अशी भीती वाटली. टोपलीत ती ओरडत होती तेव्हा मी जिन्याखाली बसून होते. हे कलम विरातने ओरासाला मोठ्याने वाचून दाखवावे.

७. माझी रक्षा त्याच विहाराच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवावी. विरातने स्वतः न्यावी. वाट त्याला माहीत आहे.

सही : लामदुअन केवमनी

आम्हा दोघांसमोर, एकाच वेळी, त्यांनी वाचून सही केली. यातले काहीही आम्हाला मिळणार नाही.

साक्षीदार १ : सुरापोन इन्थराचाय, पशुवैद्य
साक्षीदार २ : प्रानोम सेतांग, नारळ खवून देणारी, बाजार गल्ली

स्थळ : फेचबुरी
दिनांक : १७ ऑगस्ट, बुद्धाब्द २५६६