सातवी किल्ली

रविवार, दिवेलागणीनंतर

आज सांगणारच होते. खेडच्या एका दवाखान्यात काम मिळालंय, एक तारखेला हजर व्हायचंय, खोलीही बघून ठेवलीय. आधी शेजारच्या बाळाकाकांना सांगायचं, मग आईला, असं ठरवलं होतं. आई त्यांचंच ऐकते.

पण काकाच आले, घराला कुलूप लावून. लेकाकडे मुंबईला चाललेत, कायमचे. म्हणजे वाडीत आता उघडं घर आमचं एकटंच. "सोमवारी देवाजवळ दिवा लाव, पावसाआधी कौलं बघून घे. तू हायस म्हणून घोर नाय गो," म्हणाले आणि किल्ली हातात ठेवली. मी तोंड उघडलं, तेवढ्यात आई चहा घेऊन आली नि म्हणाली, "ती कुठे जातेय?"

विचारलं नव्हतंच तिने, सांगितलं होतं. आणि मी "बघते काका" म्हटलं. का म्हटलं?

दाराआडच्या खिळ्यावर आधीच सहा बंद घरांच्या किल्ल्या आहेत. माझे रविवार त्यांतच जातात. कुलपं उघडायची, केर काढायचा, वाळवी लागली का बघायचं. पेटीच्या क्लासला दोनदा नाव घातलं, दोनदा सोडलं.

काका गेल्यावर सातवी किल्ली अडकवायला गेले तर खाली पडली. पुन्हा अडकवली, पुन्हा पडली. खिळा भरला होता. वाटलं, आता तरी आईला सांगावं, जागा नाही म्हणून.

मग मीच हातोडी शोधली आणि शेजारी दुसरा खिळा ठोकला. चांगला लांब बघून.