स्प्रिंगचा दीड वेढा

३ मार्च १९९६, रविवार
वाचलं, पटलं, ठरवलं! गाडी जमिनीला जितकी चिकटून, तितका खालून जाणारा वारा कमी, तितकं पेट्रोल कमी. पुण्याहून आणलेल्या मोटारींच्या मासिकात फोटोसकट दिलंय. आपली मारुती लिटरला सोळा देते. अठरा काढून दाखवतो! साखर कारखान्यात सगळे नुसत्या थापा मारतात, मी आकडा दाखवीन.

५ मार्च
बारामतीला धम्मदीपच्या गॅरेजात गेलो. डिप्लोमा झालेला माणूस, हात चांगला, पण तोंड फार. म्हणे, "विजयराव, वाऱ्याचा फरक ऐंशीच्या पुढं. तुमी चाळीसनं जाणार. हितं कुठला वारा कापताय? स्पीडब्रेकरला पोट घासंल, दर वेळी पहिला गिअर टाकावा लागंल. पेट्रोल वाढंल, कमी न्हाय व्हायचं."
"तुला विचारलंय का? काप!" म्हटलं. चारही स्प्रिंगांचा दीड-दीड वेढा कापून घेतला. घरी आणली तर राजनंदिनी दारात हसायला लागली. "कोंबडी खुडूक बसल्यागत दिसतीया!" बायकोची अक्कल तेवढीच.

१० मार्च
सासऱ्यांना अर्धांगवायू झाल्यापासून हिला दर रविवारी सांगवीला जायचं असतं, बापाला आपल्या हातानं भरवायला. आमच्या वरकुट्याबाहेर पहिल्याच स्पीडब्रेकरला खालून खर्रकन आवाज! माझ्या काळजावरून करवत फिरली. "उतर," म्हटलं. ती उतरली, गाडी सुखरूप पलीकडे. पुढच्यालाही तेच. सांगवीपर्यंत तेरा आहेत. उतर, चाल, बस — डबा हातात घेऊन तेरा वेळा. येताना पुन्हा तेरा.
"मी उतरले की बरी जाती, व्हय?"
"वजनच तसं केलंयस," म्हटलं.

११ मार्च
टाकी भरून मोजलं. लिटरला चौदा! शक्यच नाही. गाडीत चूक नाही. मग चूक कुठे बसली होती? माझ्या शेजारी!

१६ मार्च
खताच्या दुकानात तिला काट्यावर उभं केलं. "नगं, अहो, माणसं बघत्यात," करत होती. अठ्ठ्याहत्तर किलो! कारखान्याचं पोतं शंभर किलोचं. मी मोठ्यानं म्हणालो, "पाऊण पोतं साखर, वर तीन किलो!" हमालसुद्धा हसले. आता घरात हाक हीच — पाऊण पोतं.
लग्नात पंचावन्नची होती. सात वर्षांत दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पडलं. त्यानंतरच सुटली. हे इथे लिहायला नको होतं.

३१ मार्च
ऊन मरणाचं. नवव्या स्पीडब्रेकरला मागून एस.टी. आली. खिडक्यांतून माणसं बघायला लागली. ही पदर पुढे ओढून चालत राहिली, तीही मुद्दाम हळू! मी हॉर्न वाजवत राहिलो.
चौदाच.

७ एप्रिल
रात्री दुसरी भाकरी घेत होती. म्हटलं, "ठेव." ठेवली. मग शांतपणे म्हणाली, "माज्या भाकरीनं तुमची गाडी वर न्हाय यायची. वेढा तुमी कापलाय." मी तिच्या पुढ्यातलं ताटच उचललं. उपाशी झोपली. मी पोटभर जेवलो आणि मला झोप लागली नाही.

१४ एप्रिल
ऑइल चेंबर ठिबकायला लागला! सांगवीला जाताना धम्मदीपकडे गेलो तर जयंती, गॅरेज बंद. घर गाठलं. मिरवणुकीला निघाला होता, तरी नव्या शर्टानिशी गाडीखाली वाकला. "नव्या स्प्रिंगा टाका, विजयराव. वहिनींना किती चालवताल?"
हिच्या डोळ्याला पदर. परक्यासमोर! गाडी तिथूनच माघारी घरी आणली. म्हटलं, "राहू दे या रविवारी तुझा बाप उपाशी."

२१ एप्रिल
तेरावा स्पीडब्रेकर सांगवीच्या वेशीवर. तिला उतरवलं, पलीकडे दहा पावलांवर थांबलो, दार उघडं ठेवून. दार लागल्याचा आवाज येईना. आरशात पाहिलं तर गाडीमागेच उभी, डबा काखेत.
"जावा आता. मी आबांपाशीच ऱ्हाते. तुमची गाडी हलकी झाली."
"चार दिवसांत येशील!" म्हटलं. तिनं वळून पाहिलं नाही. भरभर गेली. चालायची सवय मीच लावलीय ना!
बरं झालं. आता अठरा कुठे जातात बघतो.

५ मे
अजून आली नाही. टाकी भरली. मोजणी सारखी व्हावी म्हणून त्याच रस्त्यानं एकटाच सांगवीच्या वेशीपर्यंत जाऊन आलो. पुन्हा टाकी भरली. चौदा! दोनदा भागाकार केला. चौदाच.
गाडी कुठेच घासली नाही. तरी जाताना तेराही ठिकाणी थांबलो आणि हात लांब करून डावं दार उघडलं. तेराव्याला बराच वेळ उघडंच ठेवलं.